परगावी जाणाऱ्या वाचकांसाठी सूचना

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आहे, कारण माझं अक्षर बरं आहे. बाकी मी तिथला कोणी नाही. किन्हवलीत राहून भरतीचा अभ्यास करतो. घरी जागा नाही म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो आणि फुकट बसतोय असं वाटू नये म्हणून काकांना हाताखाली मदत करतो. काका म्हणजे आमचे ग्रंथपाल.

ऑक्टोबर आला की फळ्यावर दरवर्षी त्याच चार सूचना लिहायच्या असतात. पहिली, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मुलांनी सकाळी दहाला यावं. दुसरी, दिवाळी अंक योजना सुरू झाली आहे, नावं नोंदवा. तिसरी, 14 ते 20 नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. चौथी सूचना काका एका जुन्या वहीतून वाचून दाखवतात आणि मी शब्दही न बदलता उतरवतो: 'परगावी जाणाऱ्या सभासदांनी आपल्याकडील पुस्तके परत करूनच जावे.'

2022 च्या आधीही मी ही सूचना लिहिली होती. ती कोणासाठी आहे, याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

आमचं गाव शहापूर तालुक्यात आहे. मुंबईकडून यायचं तर लोकलने आसनगाव, तिथून शहापूर, आणि मग मुरबाडच्या बाजूला जाणारी एसटी किंवा भरेल तेव्हा सुटणारी जीप. आजूबाजूला भातशेती आणि डोंगराच्या पायथ्याला ठाकूर आणि कातकरी वाड्या. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत, हे शाळेत आम्हाला अभिमानाने सांगितलं जायचं. पाण्याबरोबर इथून माणसंही खाली जातात, ते कोणी धड्यात सांगितलं नाही.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, वर्तमानपत्रं. मागच्या खोलीत आम्ही सहा-सात जण, पोलीस भरती, तलाठी, रेल्वे अशा निरनिराळ्या आशेवर बसलेले. सकाळी निवृत्त गुरुजी पेपर वाचायला येतात. बाजाराच्या दिवशी बायका कादंबऱ्या बदलून नेतात. शनिवारी दुपारी लहान मुलं येतात. त्यांच्यासाठी काकांनी एक कपाट उघडं ठेवलंय. तिथे बसून वाचायला ना वर्गणी, ना अनामत. घरी न्यायचं असेल तर मात्र सभासद व्हायचं, पन्नास रुपये अनामत ठेवायची आणि पंधरा दिवसांत पुस्तक परत करायचं.

हा नियम काकांनी हौसेने केलेला नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात जी पद्धत रूढ झाली, तीत गावातली बहुतेक वाचनालयं सरकार चालवत नाही, गावातली मंडळी चालवतात आणि सरकार अनुदान देतं. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग. ड वर्गाला वर्षाला 30 हजार मिळायचे. 2022 च्या अखेरीस सरकारने अनुदानात 60 टक्के वाढ केली, तेव्हा त्याचे 48 हजार झाले. त्यातली साधारण निम्मी रक्कम पगाराची. म्हणजे वाढीनंतर महिन्याला दोन हजार. हा माणूस त्यासाठी रोज कुलूप उघडतो, झाडू मारतो, परिग्रहण नोंदवहीत एकेक पुस्तक चढवतो आणि तपासणीच्या वेळी वहीतला प्रत्येक आकडा कपाटात दाखवतो. दाखवता आला नाही तर पुस्तक गहाळ. गहाळ पुस्तकांची रक्कम काका बऱ्याचदा गुपचूप स्वतःच्या खिशातून भरतात, हे मला फार उशिरा कळलं.

2022 साली 15 ऑक्टोबर शनिवारीच आला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा हा जन्मदिवस, 2015 पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. पद्धत ठरलेली. कलामांच्या फोटोला हार, मुलांच्या हातात पुस्तकं, दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून वाचन आणि या दहा मिनिटांतली आठ फोटोत जातात. फोटो काढायला मीच होतो. 'पुस्तक जरा वर धरा, तोंड दिसू द्या' असं मीच ओरडत होतो. पुस्तक तोंडासमोर धरलं की तोंड दिसत नाही आणि तोंड दिसेल असं धरलं की वाचता येत नाही, त्यामुळे त्या फोटोंमध्ये कोणीच वाचत नसतं.

एक मुलगी वाचत होती. तिने पुस्तक टेबलावर सपाट ठेवलं होतं आणि ओळीखाली बोट धरून ओठ हलवत चालली होती. मी दोनदा हाक मारली तरी तिने मान वर केली नाही. शेवटी मी तिला सोडून फोटो काढला.

ती जवळच्या कातकरवाडीतली, पाचवीतली. मधली दोन वर्षं करोनात गेलेली, त्यामुळे वाचनात बरीच मागे. प्राण्यांच्या गोष्टींचं एक जाड पुस्तक तिने धरलं होतं. शनिवारी दुपारी यायचं, बोट लावून चार-पाच पानं वाचायची, जिथे थांबलं तिथे भाताची एक काडी ठेवायची आणि पुस्तक कपाटात अगदी मागे सरकवून जायचं, म्हणजे दुसरं कोणी घेऊ नये. मला ते दिसायचं. मी तिचं पुस्तक कधी पुढे ओढलं नाही, इतकीच माझी तिच्याशी ओळख.

त्याच आठवड्यात दिवाळी अंकांचे गठ्ठे यायला लागले. वाचनालयाच्या वर्षातला हा खरा सण. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळात हा पदार्थ आहे, असं काका दरवर्षी सांगतात. एकेक अंक आता दोनशे-तीनशेच्या पुढे जातो, घरी कोण किती घेणार? म्हणून योजना: एकदा रक्कम भरायची आणि मार्चपर्यंत अंक आळीपाळीने न्यायचे. गठ्ठ्याची दोरी तोडली की कोऱ्या शाईचा वास येतो. मागच्या खोलीतले आम्हीही तेव्हा पंधरा मिनिटं चालू घडामोडी सोडून पुढे येतो. अंकांना पुठ्ठा चढवणं, शिक्के मारणं, यादी लावणं हे काम चार दिवस चालतं.

बाहेर तेव्हा परतीचा पाऊस लांबला होता. हळवं भात कापून शेतात आडवं पडलेलं आणि वरून सरी. उघडीप मिळाली की सगळं गाव शेतात. कातकरी वाड्यांतले लोकही कापणीच्या, झोडणीच्या मजुरीला. दिवाळी उरकते, खळं उरकतं आणि मग टेम्पो यायला लागतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पावसाळ्यात, हाताला काम नसतं तेव्हा, वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा माणूस वाडीवर येऊन बयाणा देऊन जातो. बयाणा म्हणजे उचल. ती घरात, आजारपणात, लग्नात कधीच खर्च होते. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी मुलाबाळांसह भट्टीवर जाते, भिवंडी, कल्याण किंवा आणखी लांब. गारा करायचा, साच्यातून विटा पाडायच्या, हजारावर मजुरी. आठवड्याला खर्ची मिळते. मे-जूनमध्ये पाऊस जवळ आला की हिशेब होतो आणि माणसं परत येतात. हिशेबात काही उरलं तर उरलं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या बयाण्यातून वळतं होतं. मुलं अर्थातच बरोबर जातात. शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. भट्टी शाळेपासून लांब असली की ते कार्ड पत्र्याच्या पेटीत राहतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शनिवार नसताना, ती मुलगी संध्याकाळी वाचनालयात आली. काका शहापूरला गेले होते. टेबलावर मी होतो. तिने मूठ उघडली. दहा-दहाच्या पाच नोटा, घामाने मऊ झालेल्या.

"दादा, ते पुस्तक न्यायचंय."

अनामत पन्नास रुपये, हे तिने कुठून तरी ऐकलं असणार. पैसे कुठून आणलेस विचारलं तर म्हणाली, आईने दिले, दिवाळीच्या कपड्यांतून राहिलेले. बयाण्याचेच ते.

"कधी परत देशील?"

"आलो का देतो."

"कधी येणार?"

तिने खांदे उडवले. "पाऊस पडायच्या आधी."

मी नियम सांगितला. पंधरा दिवस. फार तर पुन्हा पंधरा. सहा महिने नाही चालत. ओळखीच्या सभासदाची सही लागते. काका आले की बघू. ती म्हणाली, सकाळी टेम्पो येणार. मी म्हटलं, मग आलीस की वाच, पुस्तक कुठे जात नाही. नोटा मी तिच्या मुठीत परत दिल्या. ती रडली नाही, हट्ट केला नाही. कपाटाशी गेली, पुस्तक बाहेर काढून काडी जागेवर आहे का बघितलं, पुन्हा मागे सरकवलं आणि गेली.

त्या वेळी मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. एक काम नीट केल्यासारखं वाटलं होतं. काका आल्यावर मी सांगितलंही, की पोरगी पुस्तक न्यायला आली होती, सहा महिन्यांसाठी, मी दिलं नाही. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

दहा दिवसांनी ग्रंथालय सप्ताह सुरू झाला. पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं, शाळेतली मुलं बोलवायची आणि मी पाच मिनिटं बोलायचं, असं ठरलं होतं. विषय, डॉ. रंगनाथन यांचे पाच सिद्धांत. भरतीच्या पुस्तकात ते एका ओळीत असतात, 1931, पाठ केलं की झालं. पुस्तके उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. मी मोबाइलवरून कागदावर उतरवून घेतलं आणि प्रदर्शनासाठी मुलांचं कपाट रिकामं करायला गेलो. प्राण्यांचं पुस्तक हाताला लागलं. काडी निम्म्याच्या किंचित पुढे होती.

भाषणात मी दुसरा आणि तिसरा सिद्धांत गाळला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या हिवाळ्यात अभ्यासाच्या नावाखाली मी वाचनालयांबद्दलच वाचत बसलो. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं. आमच्या जिल्ह्यात कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. मोठी परंपरा आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण ही सगळी एका जागी राहणाऱ्या वाचकाच्या भरवशावर उभी राहिलेली. वर्गणी, अनामत, ओळखीची सही, पंधरा दिवस, या सगळ्याच्या मागे एक माणूस गृहीत धरलेला आहे: ज्याला पत्ता आहे आणि जो पुढच्या महिन्यातही त्याच पत्त्यावर सापडेल. आमच्या गावाच्या आसपास अशी शेकडो माणसं आहेत जी अर्धं वर्ष एका पत्त्यावर असतात आणि अर्धं वर्ष दुसऱ्या. ती वाचनालयाच्या नियमात कुठेच बसत नाहीत. 'परगावी जाणाऱ्या सभासदांनी' ही सूचना बदली होऊन जाणाऱ्या गुरुजींसाठी लिहिलेली होती. सभासदच नसलेल्यांना ती लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरी परंपराही सापडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं, त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्याही होत्या. रंगनाथनांनी ते पाच सिद्धांत मांडले त्याच 1931 साली, तिकडे तामिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं खेड्यांत जायला लागली होती. अगदी अलीकडे, 2009 पासून, नाशिकचं कुसुमाग्रज प्रतिष्ठान 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना चालवतं, शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, काही महिन्यांनी बदलते. आणि आमच्याच ठाणे जिल्ह्यात, मी जन्मायच्या आधी, विधायक संसद या संघटनेने वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालवल्या होत्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळेने भोंग्यात जावं, इतका साधा विचार.

मी हे मागच्या खोलीत बोललो तर एक मित्र म्हणाला, "पीडीएफ पाठव ना. भट्टीवर पण मोबाइल आहेत." आहेत. घरात एक, तो बापाकडे. रिचार्ज खर्चीतून. दिवसभर विटा पाडून आलेल्या माणसाच्या हातून तो फोन गोष्टी वाचायला मागायचा, हे ज्याला सोपं वाटतं त्याने मागून बघावा.

जून 2023 मध्ये वाड्यांवर माणसं परत आली. शनिवारी मी कपाटाकडे लक्ष ठेवून होतो. ती आली नाही. जुलैत तिचा धाकटा भाऊ आला, तिसरीतला. ताई कुठे विचारलं तर म्हणाला, लावणीला जाते. शाळा? सुटली. पाचवीनंतरची शाळा वाडीपासून लांब, आणि भट्टीवर तिने विटा उचलायचं काम धरलेलं.

एका पुस्तकामुळे शाळा सुटते असं नाही, हे मला कळतं. दिलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. पण माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं नव्हतं, आणि करू नये म्हणून माझ्याकडे नियम होता. त्या दिवशी मी काकांना विचारलं, तुम्ही असता तर दिलं असतं का?

काका म्हणाले, "वहीवरचं नसतं दिलं." मग त्यांनी टेबलाखालचा एक खोका पायाने पुढे ढकलला. लोकांनी आणून टाकलेली पुस्तकं होती. पोरं मोठी झाली, घर रंगवलं, मुंबईहून कोणी आलं, की लोक पुस्तकं आणून ठेवतात. काही काका वहीत चढवतात, काही फाटकी म्हणून तशीच राहतात. "ही अजून चढवलेली नाहीत," काका म्हणाले. "वहीत नाही ते हरवत पण नाही."

मग त्या ऑक्टोबरात अंकांना पुठ्ठे चढवताना आम्ही या पुस्तकांनाही चढवले. शिवून घेतली, चिकटपट्टी लावली. वाचन प्रेरणा दिनाला शाळेतल्या मुलांना सांगितलं, घरी पडून असलेलं एक पुस्तक घेऊन या. अठ्ठावीस जमली. त्यात प्राण्यांच्या गोष्टींचं ते जाड पुस्तक मात्र नव्हतं, ते वहीवरचं. काकांनी त्याची छापील किंमत बघितली, तितके पैसे गल्ल्यात टाकले, पावती फाडली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. मी अर्धे देऊ का म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं.

खताच्या दोन रिकाम्या गोण्या धुऊन, त्यांना नाडी ओवून मी वाडीवर घेऊन गेलो. दिवाळी होऊन गेली होती, सामान बांधायचं चाललं होतं: भांडी, गोधड्या, कोंबड्या. ती अंगणात होती. वर्षात पुष्कळ उंच झाली होती. मी पुस्तक काढून दिलं. तिने पानं फिरवली, काडी सापडली. ती सुकून पिवळी पडली होती.

"एवढंच राहिलेलं," ती म्हणाली. आणि पुस्तक भावाला दिलं.

"तू वाच की," मी म्हटलं.

"रात्री बघेन."

मी माफी वगैरे मागितली नाही. कशी मागतात ते माहीत नाही. गोण्या टेम्पोत गोधड्यांच्या मध्ये ठेवल्या. एक तिच्या भट्टीवर गेली, दुसरी कल्याणच्या बाजूला. जानेवारीत तिच्या बापाच्या फोनवरून मला एक फोटो आला. कच्च्या विटांच्या रांगा आणि एका विटेवर उघडं पुस्तक. कोणी वाचताना फोटोत नव्हतं. फोटो कोणी काढला तेही विचारलं नाही.

2024 च्या जूनमध्ये एकोणतीसपैकी अकरा पुस्तकं परत आली. बाकीची चुलीत गेली, भिजली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांनी नेली, एक शेठच्या मुलीने मागून घेतलं. तालुक्याच्या हिशेबात हा उपक्रम म्हणून दाखवायचा तर फसलेलाच म्हणावा लागेल. प्राण्यांचं पुस्तक परत आलं. कडा लाल, पानांवर मातीचे अंगठे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वार लिहिलेले आणि समोर आकडे: 1000, 900, 1100, सुट्टी, 800. रोज पाडलेल्या विटांची नोंद, जवळजवळ चार महिन्यांची. अक्षरं दोन हातांची होती. एक गोल, सावकाश; एक तिरकं. हिशेबाच्या दिवशी ते पान शेठसमोर ठेवलं का, हे मी तिच्या भावाला विचारलं. म्हणाला, बाबांनी ठेवलं. मग? मग काय, शेठ म्हणाला, माझ्या वहीत असं नाही. थोडं भांडण झालं. थोडे पैसे वाढले.

काकांनी ते पुस्तक परत वहीत चढवलं नाही. पिशवीतच ठेवलंय, पुढच्या खेपेसाठी. शेवटी त्यांनी चार कोरे कागद शिवून जोडले आहेत.

परवा ऑक्टोबरच्या सूचना लिहायला मी खडू घेतला. काकांनी जुनी वही उघडली, तीन सूचना वाचल्या आणि वही मिटली. चौथी तू लिही म्हणाले. मी लिहिली: 'परगावी जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी पुस्तके घेऊन जावे. अनामत नाही.'

काका बराच वेळ बघत उभे राहिले. "परत कधी, ते लिही. तारीख नको का?"

मी खाली लिहिलं, 'पावसाआधी.'